वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नव्हे

सेप्टिक टाकीत किंवा मॅनहोलमध्ये कामगार दगावल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या चार ओळी बहुतेक वेळा सारख्याच असतात. झाकण उघडलं, थोडा वेळ थांबले, एक जण उतरला, तो बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. बातमीच्या शेवटी ‘विषारी वायूमुळे गुदमरून मृत्यू’ असं लिहिलेलं असतं. मग वस्तीत चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, दारू प्यायला होता. कुणी म्हणतं, वेळ वाईट होती. कुणी तर त्या टाकीलाच दोष लावतं, दरवर्षी एक घेते म्हणून. एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही: झाकण तर अर्धा तास उघडं होतं, वासही कमी झाला होता, मग गॅस आला कुठून?

हा प्रश्न विचारायलाच हवा. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही धम्माची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती टाकीच्या तोंडाशीही लागू आहे. या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. गॅस पाण्यात कसा शिरतो, पाण्यातून कसा बाहेर पडतो, आणि वाहत्या पाण्याच्या पातळ थरात हा व्यवहार किती वेगाने होतो, याचा हिशेब रासायनिक कारखान्यांचे इंजिनियर रोज करतात. त्यांचं सगळं गणित आपल्याला नको. पण त्यातल्या तीन-चार गोष्टी समजल्या, तर टाकीचं कोडं सुटतं. शिवाय आपल्या छातीत गॅस कसा शिरतो, तेही कळतं.

सोड्याच्या बाटलीपासून सुरुवात करू. बाटली बंद असते तेव्हा पाणी शांत दिसतं, बुडबुडा दिसत नाही. पण त्या पाण्यात गॅस भरपूर असतो, दाबाखाली विरघळलेला. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली यावर नियम मांडला. पाण्यावरच्या हवेत एखाद्या गॅसचा दाब जितका जास्त, तितका तो गॅस पाण्यात जास्त विरघळतो. दाब कमी केला की तोच गॅस परत बाहेर निघतो. पाणी तापलं की त्यात गॅस कमी मावतो, म्हणून उन्हात तापलेला सोडा उघडताच फसफसून उतू जातो. उन्हाळ्यात गटाराला आणि टाकीला वास जास्त मारतो, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं म्हणजे उष्णतेत जंतूंचं काम वेगाने चालतं.

आता तीच बाटली उघडून, न हलवता टेबलावर ठेवा. तासाभराने प्यायलात तरी जिभेला थोडी चुणचुण जाणवतेच. म्हणजे झाकण उघडलं तरी सगळा गॅस गेलेला नसतो. आणि बाटली हलवून उघडली, तर एका क्षणात शर्ट भिजतो. टाकीत माणूस उतरतो तेव्हा जे घडतं, ते या दोन प्रकारांमध्ये आहे.

न ढवळलेल्या चहात तळाची साखर तशीच राहते, हे घरोघरी माहीत आहे. पाण्यात विरघळलेला पदार्थ स्वतःहून पसरतो खरा, पण फार हळू. गॅसचंही तसंच. शांत पाण्यात गॅसच्या कणाला एक मिलिमीटर अंतर पसरत जायला साधारण चार मिनिटं लागतात. मग एक सेंटिमीटरला चाळीस मिनिटं लागतील, असं आपल्याला वाटेल. पण हिशेब तसा नाही. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. एक सेंटिमीटरला सुमारे सात तास. दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना. आणि टाकीच्या तळाशी एक मीटर खोल असलेला गॅस केवळ पसरत वर यायचा म्हटला, तर आठेक वर्षं. गाळात तर याहूनही हळू. आता झाकण अर्धा तास उघडं ठेवण्याने काय साधतं ते पाहा. वरची हवा बदलते, पाण्याच्या सगळ्यात वरच्या पापुद्र्यातला गॅस निघून जातो, नाकाला वास कमी लागतो. पण खालचं पाणी आणि गाळ यांच्यात साठलेला गॅस जिथल्या तिथे असतो.

मग माणूस उतरतो. पायाने, फावड्याने, बादलीने तो गाळ ढवळला जातो, म्हणजे सोड्याची बाटली हलते. खालचं पाणी वर येतं, गाळात अडकलेले बुडबुडे सुटतात, आणि जो गॅस आठवडे-महिने अडकून होता तो त्याच्या तोंडाशी येतो.

इंजिनियर लोकांनी याचा हिशेब कसा मांडला, ते थोडक्यात सांगतो. हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक अतिशय पातळ, जवळजवळ न हलणारा थर आहे असं समजा, असं व्हिटमन या अमेरिकन संशोधकाने १९२३ साली मांडलं. या थरांच्या पलीकडे पाणी आणि हवा छान मिसळलेली असतात, अडथळा काय तो या दोन पापुद्र्यांचा. पापुद्रा जाड तर गॅसची ये-जा मंद, पातळ तर जलद. असे न हलणारे थर डोळ्यांनी कुणी पाहिलेले नाहीत. ‘मॉडेल’ म्हणतात ते हेच. खऱ्या गोष्टीची हिशेबापुरती केलेली साधी प्रतिकृती, घर बांधण्याआधी कागदावर काढलेल्या नकाशासारखी. उत्तर प्रयोगाशी जुळलं की मॉडेल कामाचं, नाही जुळलं की बदलायचं.

आणि ते बदललं गेलं. १९३५ मध्ये हिगबी नावाच्या संशोधकाने म्हटलं की वाहत्या पाण्यात पापुद्रा एका जागी राहतच नाही. आतलं ताजं पाणी वर येतं, क्षणभर हवेला भेटतं, गॅसची देवघेव करतं आणि पुन्हा खाली जातं. भेट जितकी ताजी, तितकी देवघेव जोरात. वरचं पाणी चौपट वेगाने बदलत गेलं, तर गॅसची देवघेव दुप्पट होते. पुढे १९५१ मध्ये केंब्रिजच्या डँकवर्ट्स यांनी याच विचारात आणखी भर घातली. खळखळाट, उंचावरून पडणारी धार, फावड्याने ढवळणं, या सगळ्याचा परिणाम एकच: पृष्ठभाग सतत ताजा होत राहतो. शिवाय शिंतोडे आणि बुडबुडे यांमुळे हवा-पाण्याची भेट होण्याची जागाच कितीतरी पटींनी वाढते.

या विद्याशाखेत गॅस द्रवात शिरण्याला मराठी पाठ्यपुस्तकं ‘शोषण’ म्हणतात. हा शब्द आपल्याला दुसऱ्या अर्थाने जास्त ओळखीचा आहे. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

आता हा गॅस कोणता? सेप्टिक टाकीत आणि गटारात मुख्यतः तीन धोके असतात. पहिला हायड्रोजन सल्फाईड, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. हवा नसलेल्या जागी मैल्यातल्या गंधकाच्या संयुगांवर जगणारे जंतू तो तयार करतात. गटाराच्या भिंतीला जो काळा बुळबुळीत थर असतो, तो या जंतूंचं घरच. दुसरा मिथेन. याला वास नसतो, पाण्यात तो फारसा विरघळत नाही, बुडबुड्यांच्या रूपाने गाळात बसून राहतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. तिसरा धोका म्हणजे ऑक्सिजनचा अभाव. चांगल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. बंद टाकीत जंतू तो खाऊन टाकतात, आणि त्याची जागा दुसरे वायू घेतात. ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली गेला की माणूस भान हरपून पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हायड्रोजन सल्फाईडचं प्रमाण किती लहान असतं, ते एकदा आकड्यात पाहू. घरावर बसवतात तशी हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्या पाण्यात फक्त एक ग्रॅम हायड्रोजन सल्फाईड विरघळलेला आहे, म्हणजे चिमूटभर मिठाच्या वजनाएवढा. अशा पाण्यावर बंद जागेत हवा असेल आणि पाणी-हवा यांची देवघेव पूर्ण झाली, तर त्या हवेत या गॅसचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे अडीचशे भाग होतं. आता शरीरावरचा परिणाम पाहा. दहा लाखांत एका भागाहूनही कमी असताना नाकाला वास येतो. प्रमाण शंभर भागांपर्यंत गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. पाचशेच्या पुढे माणूस लडखडतो, कोसळतो. सातशे ते हजारच्या दरम्यान एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, आणि श्वास बंद पडून काही मिनिटांत मृत्यू येतो.

यातला शंभर भागांचा टप्पा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. वास येत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर गॅस नाही, किंवा गॅस इतका आहे की नाक मेलं आहे. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला या दोन्हींमधला फरक कळू शकत नाही. ‘सुरुवातीला घाण वास येत होता, नंतर गेला’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारं नाही, उलट लगेच लांब पळावं असं आहे. मेणबत्ती किंवा काडी पेटवून बघण्याची जुनी रीतही सोडून द्या. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं. हायड्रोजन सल्फाईड मारक प्रमाणात असला तरी ज्योत जळत राहते, आणि मिथेन असला तर स्फोट होतो. हे तपासण्यासाठी गॅस मोजण्याचं यंत्र असतं, हाताच्या पंजात मावणारं. ते पुरवणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

आणखी एक गोष्ट. तुंबलेला पाइप मोकळा करायला बरेच जण त्यात अ‍ॅसिड ओततात. सांडपाणी साधारण उदासीन असतं, म्हणजे आंबटही नाही आणि खारटही नाही, तेव्हा त्यातल्या गंधकापैकी जवळपास अर्धाच भाग उडून जाऊ शकणाऱ्या गॅसच्या रूपात असतो. उरलेला पाण्यात बांधलेला असतो. अ‍ॅसिड पडलं की तो बांधलेला भागही गॅस होतो. चेंबरवर वाकून अ‍ॅसिड ओतणाऱ्या माणसाच्या तोंडावर तो येतो. म्हणून हे करू नये.

इथवर पाण्यातून बाहेर येणाऱ्या गॅसची गोष्ट झाली. आता उलट बाजू पाहू, गॅस पाण्यात शिरण्याची. कारण असाच एक वाहता पापुद्रा आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे.

नाकापासून फुप्फुसाच्या आतल्या फांद्यांपर्यंत श्वासमार्गाला आतून ओला थर असतो. वर चिकट शेंबडाचा, त्याखाली पातळ पाण्याचा. त्याखाली बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहतात आणि हा थर घशाकडे वर ढकलत राहतात, मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने. आपण तो नकळत गिळतो. धूळ, जंतू आणि काही वायू या सरकत्या ओल्या पट्ट्यावर अडकतात आणि बाहेर काढले जातात. विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर या तंतूंना लुळं करतो, मग पट्टा नीट चालत नाही आणि सकाळी उठल्यावर खोकून खोकून कफ काढावा लागतो.

कोणता गॅस या थरात कुठे अडकेल, ते तो पाण्यात किती विरघळतो यावर ठरतं. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात तो वापरतात. त्याची गळती झाली की डोळे, नाक, घसा यांची एकदम आग होते, कारण तो पहिल्याच ओल्या जागी शोषला जातो. माणूस लगेच पळतो, आणि ही आग एका अर्थी त्याला वाचवते. प्रमाण फार असेल तर मात्र अमोनियाही फुप्फुसापर्यंत जाऊन मारतो. क्लोरीन मध्यम विरघळतो, तो घसा ओलांडून श्वासनळ्यांपर्यंत जातो. नायट्रोजन डायऑक्साईडसारखे कमी विरघळणारे वायू वर फारसे अडकत नाहीत, सरळ तळाशी पोचतात. तेव्हा सुरुवातीला फार त्रास जाणवत नाही. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं आणि रात्री दम लागतो. क्लोरीनच्या बाबतीतही असं उशिरा घडू शकतं. म्हणून कारखान्यात गॅस लागलेला माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी आला, तरी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. पुढचे चोवीस तास तरी त्याच्याजवळ कुणीतरी असावं.

तोंडावर ओला रुमाल धरण्याचा सल्लाही याच हिशेबाने तपासता येतो. ओल्या कापडाच्या धाग्यांवर पाण्याचा पापुद्रा असतो, तो पाण्यात चांगला विरघळणारा गॅस थोडा वेळ अडवतो. अमोनियाच्या गळतीतून बाहेर पळताना त्याचा थोडा उपयोग होतो. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साईड मात्र पाण्यात नावापुरतेच विरघळतात, त्यांच्यापुढे ओला रुमाल म्हणजे काहीच नाही. हायड्रोजन सल्फाईड त्याहून बरा विरघळतो, पण रुमालातलं घोटभर पाणी क्षणात भरून जातं. टाकीत उतरताना तोंडाला रुमाल बांधणं किंवा कोरोनाच्या काळात वापरला तो मास्क लावणं, म्हणजे काहीही न लावण्यासारखंच आहे.

फुप्फुसाच्या अगदी तळाशी वायुकोष असतात, हवेच्या लाखो-करोडो इवल्या पिशव्या. त्यांचं आतलं सगळं क्षेत्रफळ पसरून ठेवलं तर साधारण ७० चौरस मीटर भरेल, म्हणजे दीडशे चौरस फुटांच्या पाच खोल्यांची जमीन. आणि हवा व रक्त यांच्यातला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा. मघाचा हिशेब आठवा. अंतर दहापट कमी तर वेळ शंभरपट कमी. या पडद्यातून गॅस पार व्हायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. याच रचनेमुळे आपल्याला ऑक्सिजन मिळतो, आणि याच रचनेमुळे विषारी गॅसलाही रक्तात शिरायला वेळ लागत नाही.

हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांना मारतो तो कार्बन मोनॉक्साईड. याला वास नाही, आगही होत नाही. पाण्यात तो फार थोडा विरघळतो, मग रक्तात एवढा कसा जातो? कारण रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. पापुद्र्यातून पलीकडे गेलेला प्रत्येक कण तिथे पकडला जातो, परत फिरत नाही, म्हणून पापुद्रा कधी भरतच नाही आणि आणखी गॅस आत येत राहतो. कारखान्यातले इंजिनियर हीच युक्ती मुद्दाम वापरतात. पाण्यात असं रसायन घालतात जे गॅसला पकडून बदलून टाकतं, मग पाणी कितीतरी जास्त गॅस शोषतं.

ही युक्ती वापरण्यासाठीच भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्यात एक मनोरा होता. त्याला स्क्रबर म्हणतात. आत खच्चून भरलेले तुकडे असतात, वरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण त्यांच्यावर पातळ थराने ओघळतं, खालून विषारी गॅस वर चढतो, आणि ओघळत्या थरात तो शोषला जाऊन निकामी होतो. अशा ओघळणाऱ्या थराची जाडी किती असते याचा नियम जर्मनीच्या नुसेल्टने १९१६ मध्येच काढला होता. शांतपणे ओघळणारं पाणी आठपट वाढवलं, तर थर फक्त दुप्पट जाड होतो. म्हणून मनोऱ्यात किती द्रावण सोडायचं, किती तुकडे भरायचे, किती गॅस झेपेल, हे आधी कागदावर काढता येतं. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट उसळलं. तेव्हा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता, राखीव म्हणून बंद ठेवलेला होता. चालू असता तरी एवढ्या प्रचंड लोटाला तो पुरला नसता, कारण तो तेवढ्यासाठी बांधलेलाच नव्हता. गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. गॅस आधी शिरला तो कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या जयप्रकाश नगर आणि काझी कँपच्या झोपड्यांत. हजारो माणसं मेली. सरकारचा सुरुवातीचा आकडा २,२५९ होता, प्रत्यक्षात किती गेले याचा वाद अजून मिटलेला नाही. गणित कुणाला येत नव्हतं म्हणून ते मेले नाहीत. गणित माहीत असलेल्या लोकांनी खर्च वाचवला म्हणून मेले, असं माझं मत आहे.

वस्तीतल्या उघड्या नाल्यालाही हाच नियम लागू पडतो, पण वेगळ्या अंगाने. पाणी वाहत असलं तर वरचा थर ताजा होत राहतो, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, आणि ऑक्सिजन असेल तिथे हायड्रोजन सल्फाईड करणाऱ्या जंतूंचं फावत नाही. ३० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो फारच थोडा आहे, सतत भरत राहिला तरच पुरतो. नाला प्लास्टिकने तुंबला की पाणी थांबतं, साडेसात मिलिग्रॅम पाहता पाहता संपतो आणि काळं पाणी व वास सुरू होतो. नालेसफाईचा अर्ज देताना ‘दुर्गंधी येते’ एवढंच लिहू नका, ‘पाणी वाहत नाही’ असं लिहा, म्हणजे फवारणी करून बोळवण करता येणार नाही.

घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. संडास धुताना ब्लिचिंग पावडर किंवा ब्लिचचं पाणी आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. तीन फूट बाय चार फुटांच्या, खिडकी नसलेल्या संडासात तो साठायला वेळ लागत नाही. सार्वजनिक संडास साफ करणाऱ्या बहिणींना हे कुणी शिकवत नाही, ठेकेदार दोन्ही डबे हातात देतो. एक वापरायचं असेल तर पहिलं भरपूर पाण्याने धुऊन काढायचं, दार उघडं ठेवायचं, मगच दुसरं. घसा खवखवला, छातीत दाटलं तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत यायचं. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवावं.

आणि टाकीत कुणी पडलाच तर? उतरायचं नाही. हे सांगायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे, कारण आत पडलेला बहुतेक वेळा भाऊ असतो, बाप असतो, शेजारी असतो. पण खाली जो गॅस त्याला पाडून गेला तो तिथेच आहे, आणि पडताना झालेल्या ढवळण्याने आणखी वाढला आहे. हायड्रोजन सल्फाईड हवेपेक्षा थोडा जड असल्याने तळाशीच रेंगाळतो. मदतीला धावणारा माणूस धापा टाकत असतो, म्हणजे त्याच्या छातीत जास्त गॅस जातो. लगेच अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करा. सगळी झाकणं उघडा. पंखा किंवा ब्लोअर मिळाला तर लांब उभं राहून बाहेरची हवा आत सोडा, पण मिथेनमुळे ठिणगी, विडी, काडी जवळ नको, पंख्याचं बटणही तोंडापासून लांबच्या जागी दाबा. दोर आधीच कमरेला बांधलेला असेल तर वरून ओढा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर छाती दाबत राहा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, त्याच्या श्वासातून आणि कपड्यांतून गॅस तुम्हाला लागू शकतो.

उतरायला सांगणाऱ्याला काय म्हणायचं, तेही माहीत असावं. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने, सुरक्षेची साधनं आणि पूर्ण काळजी घेतल्याशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी माणसाकडून साफ करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. नगरपालिका असो, ठेकेदार असो की खासगी सोसायटी, सगळ्यांना तो लागू आहे. टाकी उपसण्यासाठी सक्शन पंपाची गाडी मागवायची असते. कुणी माणूस उतरवत असेल तर १४४२० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली, कायमचं अपंगत्व आल्यास किमान वीस लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान दहा लाख. ‘खासगी सोसायटीत मेला, आमचा संबंध नाही’ असं उत्तर मिळालं तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवा. मुंबईतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत दगावलेल्या कामगारांच्या विधवांना भरपाई देण्याचा आदेश त्यात सरकारला दिलेला आहे.

भरपाईसाठी कागद लागतात, आणि ते पहिल्या दोन दिवसांतच गोळा करावे लागतात. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, त्या दिवशी कामाला कुणी बोलावलं याचा फोनमधला पुरावा, बरोबरच्या कामगारांचे जबाब. एफआयआर केवळ ‘अपघाती मृत्यू’ म्हणून नोंदवला जात असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम लावण्याची लेखी मागणी करा आणि त्या अर्जावर पोचपावतीचा शिक्का घ्या. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली याच कायद्याची दक्षता समिती असते. अर्जाची एक प्रत तिथे द्या आणि एक समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात.